हंड्याचा खांदा

पितळेच्या तपेलीत सकाळी ताक ओतून ठेवा आणि दुपारी त्यातला एक घोट घेऊन बघा. नको, बघू नका. काय होतं ते मीच सांगतो. जिभेवर तांब्याचा जुना पैसा ठेवल्यासारखी चव येते, तोंडाला पाणी सुटतं, आणि मग पोटात ढवळायला लागतं. आमच्याकडे याला ‘कळकलं’ म्हणतात. ताक कळकलं, कढी कळकली, आमटी कळकली. लोकांचं खाणं कळकू नये एवढ्यावर माझ्या बापाचं आणि माझं पोट चाललं.

मी कासम, कल्हईवाला. रत्नागिरीच्या बाजाराकडे उतरताना जांभ्या दगडाच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाला, टेकून माझी भट्टी असायची. या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, बाई, मी चौथी नापास. माझा हात भात्यावर चालतो, कागदावर नाही. तर म्हणाल्या, तुम्ही सांगा, नात लिहून घेईल. नात लिहिते आहे. मधूनमधून तिला माझी भाषा सुधारायची हुक्की येते, ती मी हाणून पाडतो.

आता धंदा काय तो सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी कल्हई पाहिलेलीसुद्धा नसेल. तांबं आणि पितळ दोन्ही आंबटाला घाबरतात. देव उजळायचे म्हणजे घरोघर चिंच नाहीतर आमसूल घेऊन घासतात, हे तर ठाऊक आहे? आंबट वरची काळोखी खातं आणि खालचा लाल तांबडा रंग बाहेर येतो. लगेच धुतलं की काम झालं. पण तेच आंबट भांड्यात बसवून ठेवलंत तर काळोखी संपल्यावर ते भांडंच खायला लागतं, आणि खाल्लेलं तांबं जातं तुमच्या कढीत. आपल्या कोकणात आंबटाला तोटा आहे का? आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, ताक. त्यातून आगळ म्हणजे सगळ्यांचा बाप. रातांब्याचा रस आणि त्यात मीठ! चिनी मातीच्या बरणीशिवाय ते कुणाला जुमानत नाही.

म्हणून आतून कथलाचा पातळ हात द्यायचा. कथलाला आंबट सहजी खात नाही. भांडं वाळूनं घासायचं, भट्टीवर तापवायचं, त्यात नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. क्षणात भांडं आतून चांदीसारखं. मग पाण्यात चर्र! हे बघायला रस्त्यावरची निम्मी माणसं थांबायची. काम माझं, तमाशा फुकट.

शाळेत सायन्स शिकवणारे एक मास्तर असेच थांबायचे. एकदा म्हणाले, “कासमभाई, हा धूर कसला, ठाऊक आहे?”

“खोकल्याचा,” मी म्हटलं.

“अहो, नवसागर तापला की त्यातून जहाल आम्ल सुटतं. आम्ल म्हणजे तुमचं आंबटच, पण भारी. ते तांब्यावरचा गंज खातं, म्हणून कथील चिकटतं. आंबटापासून भांडं वाचवायला तुम्ही आंबटच वापरता!”

मला गंमत वाटली. घरी अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, “मास्तराला म्हणावं, चाळीस वर्षं तो धूर गिळलाय, आता नाव कळलं म्हणून खोकला थांबणार आहे काय?”

गिऱ्हाइकं एकेक नमुने. खालच्या आळीत एक काकू होत्या. त्यांनी माझ्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही. भांडं नेल्यावर त्यात सकाळी ताक भरून ठेवायच्या आणि दुपारी चाखायच्या. बरं निघालं तर निरोप नाही. वाईट निघालं तर स्वतः भर उन्हात भांडं घेऊन हजर. “कासम, मेल्या, हे बघ, कळकलं!” बारा-पंधरा वर्षांत असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा काकू बरोबर होत्या. मनातून मी त्यांना खूप मानायचो. त्यांच्यासारखं गिऱ्हाईक सगळीकडे असतं, तर पुढं सांगतो ते घडलंच नसतं.

धंद्यात लबाडी होती, नाही कशाला म्हणू? काही लोक कथलात शिसं मिसळायचे. स्वस्त पडतं आणि सुरुवातीला चकाकतंही. पण शिसं म्हणजे सावकाश मारणारं विष. अब्बांनी मला पहिल्या दिवशी शपथ घातली होती, कथलात शिसं घालशील तर माझं तोंड बघू नको. मी कधी घातलं नाही. या एका गोष्टीची मला घमेंड होती. मी इमानदार कारागीर, माझ्या हातून कुणाला काही बाधणार नाही. माणूस अशाच ठिकाणी घसरतो.

मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लग्नसराईच्या आधी मी भाता आणि सामान घेऊन पाली रस्त्याच्या आतल्या गावांतून फेरी करायचो. त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला होता. एका वाडीत आंब्याखाली भट्टी लावली. दत्ताराम नावाचा शेतकरी भांडी घेऊन आला. पातेली, तपेली, परात, आणि एक मोठा तांब्याचा हंडा.

“कासमभाय, सगळ्यांना कल्हय कर. पोरीचा साखरपुडा हाय. लांज्याकडची पावणी येणारत.”

अब्बांचा नियम होता, भांडं हातात घेतलं की आधी विचारायचं, यात आंबट जाणार का? मी विचारलं नाही. हंडा पाण्याचा असतो. पाण्याच्या हंड्याला कुणी कल्हई करत नाही, पण पाहुणे येणार म्हणून दिखाव्याला करून घेत असतील, असं मीच ठरवून टाकलं.

हंड्याचं तोंड लहान आणि पोट मोठं. तोंडाच्या खाली आतून जो वळसा असतो त्याला आम्ही खांदा म्हणतो. बूड आणि पोट सोपं, पण खांद्याला कल्हई करायची तर हंडा पालथा धरून निखाऱ्यावर फिरवायचा, वाकड्या सळईला बोळा बांधून आत घालायचा आणि अंदाजानं घासायचं. हात भाजतो आणि वेळ दुप्पट लागतो. घसा कोरडा पडला होता, ऊन कलत होतं, रोजा सोडायच्या आधी मला पुढच्या गावात माझ्या मावशीच्या घरी पोहोचायचं होतं. मी बूड केलं, पोट केलं, तोंडाची कड चकचकीत केली, आणि खांदा सोडून दिला. पाणी तर ठेवायचंय, कोण बघतंय!

रोजा ठेवून मी खोटं काम केलं. रोजा होता म्हणून चूक झाली असं लोक मला समजावतात, तेव्हा मला राग येतो. रोजा होता म्हणून तर ती जास्त मोठी.

ईद झाली. एका बाजाराच्या दिवशी मी पालीला गेलो होतो, तिथं दत्ताराम भेटला. खांद्यावर तोच हंडा. चेहरा उतरलेला.

“ह्यो घेतंस काय? मोडीत घाल, नायतर कायपन कर. घरात नको.”

“का हो? चांगला हंडा आहे.”

मग त्यानं सांगितलं. साखरपुड्याला चाळीस-पन्नास पान. त्याची सून सुनंदा, लग्न होऊन तीन महिने झालेले, नवरा मुंबईला गिरणीत. तिनं सकाळीच फुटी कढी केली, म्हणजे आगळ, पाणी, मीठ, मिरची, नारळाच्या रसाशिवायची. गार राहील म्हणून तोंडापर्यंत हंड्यात भरून ठेवली. दुपारी पाहुण्यांनी उन्हातून येऊन दोन-दोन पेले रिचवले. तासाभरात अंगणात ओकाऱ्यांची रांग लागली. पोरं, म्हातारी, नवरदेवाचा बाप, सगळे. कुणी गेलं नाही, अल्लाची मेहेरबानी, पण पाहुणे साखरपुडा अर्धा टाकून उठले.

“घरच्यास्नी कायेक नाय झाला. आमाला कढी उरलीच नाय. आनि तिनं पन नाय प्यायलान. मग तूच सांग! माझी बायको बोलते, तिनंच काय तरी घातलान. नणंदेचा बरा बघवत नसल. मी तिला माहेरी पोचवून आलो. पोराला पत्र धाडलंय, तिला परत आनायची नाय.”

बोलता बोलता मी हंड्यात हात घातला होता. खांद्याशी बोट फिरवलं. खरखरीत लागलं. बोट बाहेर काढून बघितलं तर हिरवं. आगळानं खांद्याचं तांबं खाल्लं होतं; मी बोट लुंगीला पुसलं.

“काय झाला रे?” दत्तारामनं विचारलं.

“काही नाही. जुना आहे,” मी म्हटलं, आणि हंडा घेऊन बसमध्ये चढलो.

होय, असंच म्हटलं मी. वाटेत मनाला समजावत राहिलो. ही गोष्ट फुटली तर पाली रस्त्याच्या एकाही गावात बाई मला भांडं देणार नाही. अब्बा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेले, बहिणीचं लग्न ठरवायचं होतं. शिवाय कुणी मेलं तर नाही ना! थोड्या दिवसांनी सासू निवळेल, सून परत येईल, सगळं आपोआप होईल. आपोआप! खोटं बोलणाऱ्याला हा शब्द फार आवडतो.

आठेक दिवस गेले. मी भट्टीवर असताना एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची, डोक्यावर नारळांची पाटी. तिचं माहेर भाट्ये गावात, आणि बापाबरोबर ती बाजारात नारळ विकायला आली होती. माझ्यामागे पडलेल्या हंड्याकडे तिची नजर गेली आणि तिनं पाटी खाली ठेवली.

“ह्यो आमचा हंडा.”

मी ओळखलं.

“कासमभाई, तुमी कल्हय केलेली ना? मी सुनंदा. मला एक इचारायचा हाय.” ती उकिडवी बसली. मला वाटलं, आता ही मला धरणार. तिनं विचारलं ते वेगळंच. “तुमी देवन गेल्यावर मी तो हंडा राखेनं घासलेला. लय घासलेला. पावणी येनार म्हनून. माझ्या घासन्यानं कल्हय गेली असल काय? त्याच्यानं कढी कळकली असल काय? मी रोज ह्योच इचार करतंय.”

बघा, तिनं माझ्या चुकीवर पांघरूण घातलं, आणि ते पांघरूण माझ्याच हातात दिलं. राखेनं कल्हई जात नाही हो एका दिवसात! महिनोन्महिने घासावं लागतं. पण मी कापसाचा बोळा हातात फिरवत म्हटलं, “होतं तसं कधी कधी.”

आणि ती हसली! मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसत होती. “मंजे मी काय घातलेला नव्हता. मला पन वाटायला लागलेला वो, की मीच झोपेत उठून कायतरी... समदी बोलतात तर खराच असल. चूकच झाली ना निस्ती? घासन्याची चूक?”

“चूकच,” मी म्हटलं.

ती पाटी उचलून गेली. मी भट्टी विझवली. त्या दिवशी घरी जेवलो नाही. अब्बांनी कारण विचारलं तर सगळं सांगून टाकलं. ते खोकत कोपरावर उठले. मग म्हणाले, “शिसं घातलं नाहीस म्हणतोस ना? हे शिसंच आहे. ती पोर हळूहळू मरेल.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं हंडा घेऊन निघालो. बरोबर आगळाची बाटली आणि माझी एक ताजी कल्हई केलेली तपेली. दत्तारामच्या ओटीवर जाऊन म्हटलं, “तुमच्या सुनेनं काही केलं नाही. माझी कल्हई खोटी.”

दत्तारामनं हंडा हातात घेतला. पण त्याची बायको तरातरा बाहेर आली. “किती दिलान तुला तिच्या बापानं? आमाला उल्लू बनवतंस?”

शेजारचे जमले. मी खांदा दाखवला, हिरवं दाखवलं. म्हणे, हे आता आलं असेल. कुणी म्हणालं, करणीनं तांबं पण हिरवं होतं. खालच्या आळीतल्या काकू आठवूनच मी आगळ आणि तपेली आणली होती. मी म्हटलं, “वहिनी, मी बोलत नाही. तुम्हीच कढी करा. तुमच्या हातानं, तुमच्या विहिरीच्या पाण्यानं. अर्धी या तपेलीत, अर्धी हंड्यात. हंडा कलता ठेवू, म्हणजे खांद्याला लागेल. दुपारपर्यंत मी इथून हलत नाही.”

तिनं हट्टानं केली. मी ओटीखाली बसून राहिलो. कुणी पाणीही विचारलं नाही, आणि मी मागितलंही नाही. दुपारी दत्तारामनं तपेलीतली कढी चाखली. बरी होती. हंड्यातल्या कढीत त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. “पैशावानी लागतंय!”

“साखरपुड्याला अशीच लागलेली,” एक म्हातारी शेजारीण म्हणाली. “मला वाटला, आगळ जुना असल.”

तरी दत्तारामची बायको मानेना. मग मी पेला भरला आणि प्यायलो. दुसराही प्यायलो. मास्तरांना पुढं हे सांगितलं तेव्हा ते ओरडले, अहो, एवढं विष कुणी पितं का! पण त्या वेळी मला दुसरं सुचलं नाही. अर्ध्या तासात मी अंगणाच्या कडेला गुडघ्यावर होतो, आतडी बाहेर येतील असा ओकत होतो, आणि सगळी वाडी बघत होती. कल्हईवाल्याचा तमाशा परत एकदा फुकट.

माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. दत्तारामची बायको होती. दुसऱ्या हातात ताकाचा तांब्या. “बस कर आता,” म्हणाली. “मी त्या पोरीला काय काय बोललंय रे!” आणि मटकन तिथंच बसली.

दत्ताराम मात्र माझ्यावर भडकला, आणि त्याचं बरोबरच होतं. “तुला पालीला तवाच ठावं झालेला ना? तवा का नाय बोललास?” त्यानं मला त्याच पावली बरोबर चलायला लावलं. आधी लांज्याला, पाहुण्यांकडे. तिथं नवरदेवाच्या बापासमोर मी सगळं परत सांगितलं. त्यानं मला शिव्या घातल्या, पण आपल्या मुलाचं लग्न दत्तारामच्या पोरीशीच करायचं कबूल केलं. मग भाट्याला.

सुनंदा दारात भात पाखडत होती. सासरा आलेला बघून उभी राहिली आणि डोक्यावर पदर घेतला. दत्ताराम म्हणाला, “पोरी, चल घरी. आमची चूक झाली.” तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. घासण्यानं काही झालं नव्हतं. खांद्याला मी कल्हई केलीच नव्हती.

“मंजे त्या दिवशी मी इचारलेला, तवा तुमाला ठावं हुता?”

“होतं.”

तिनं सूप खाली ठेवलं. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. “मी तुमाला दुवा देत देत घरी गेलेली,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन गाठोडं बांधायला लागली. लांज्याच्या शिव्या मी विसरलो आहे. हे वाक्य विसरलो नाही.

ती सासरी गेली. तिच्या नणंदेचं लग्न झालं. माझं मात्र पाली रस्त्याचं काम बंद पडलं. बातमी गावोगाव झाली. दोन उन्हाळे मी फेरीला गेलो आणि भाता न उघडता परत आलो. बायका दारातूनच सांगायच्या, “नको रे बाबा.” कुणाला दोष देणार? मी हंडे घेतले की आता पालथे घालून, सळई घालून, हात भाजेपर्यंत खांदे घासायचो, पण हे त्यांना कोण सांगणार!

तिसऱ्या वर्षी त्याच वाडीत, त्याच आंब्याखाली मी सवयीनं बसलो होतो. भट्टी पेटवली होती, कुणी येईल असं वाटत नव्हतं. सुनंदा आली. कडेवर मूल आणि हातात एक हंडा, नवा. दत्तारामच्या घरातून कुणी तरी ओरडलं, कुठं निघालीस? तिनं उत्तर दिलं नाही. हंडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “ह्यात कढी ठेवनार हाय. आतून समदा कर.” आणि समोर दगडावर बसली.

मी केला. बूड, पोट, खांदा. पाण्यात घातला, वाळवला, तिला दिला. तिनं मूल खाली ठेवलं, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात हंड्यात घातला. डोळे मिटून बोटं फिरवत राहिली. आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“हितं,” ती म्हणाली. “हितं जरा खरखरीत लागतंय.”

मी हात घातला. तिळाएवढा ठिपका असेल, कदाचित नसेलही. मला काही लागलं नाही. पण मी हंडा घेतला, पालथा केला आणि पुन्हा निखाऱ्यावर धरला. मागे वळून बघितलं तेव्हा पलीकडच्या घरातली बाई हातात परात घेऊन पायरी उतरत होती.